तुला बॉल कुणी दिला?

“पण वस्ताद, मीच खाली का?”

हिंदुराव वस्तादांनी मान वर केली नाही. तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याच्या कडेला मांडी घालून ते तांबड्या मातीतले खडे वेचत होते.

“खाली म्हंजे कुठं?”

“फ्लेक्सवर.”

“फ्लेक्सवर…” वस्तादांनी एक खडा उजेडात धरून पाहिला आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकला.

धैर्यशील साळोखेनं कपाळावर हात मारून घेतला. घरातून निघताना त्यानं चांगलं लांबलचक भाषण पाठ केलं होतं. तालमीची परंपरा, आपली सेवा, नव्या पिढीचं भवितव्य, सगळं त्यात होतं. फ्लेक्सचा त्यात उल्लेखही नव्हता. आणि पहिल्याच तोंडाला तो फ्लेक्सच बाहेर पडला.

पण दुखणं खरं होतं, त्याला कोण काय करणार?

चिंचेच्या तालमीनं यंदाच्या हंगामाचा फ्लेक्स चौकात लावला होता, चांगला वीस फुटी. मधोमध मुख्य प्रशिक्षक सर्जेराव बोंद्रे, टाय बांधून, हाताची घडी घालून. भोवतीनं अकरा खेळाडू. आणि अगदी तळाला, उजव्या कोपऱ्यात, एका आइस्क्रीमवाल्याच्या जाहिरातीला खेटून, पोस्टाच्या तिकिटाएवढा धैर्यशील. खाली बारीक अक्षरात ‘सहायक प्रशिक्षक’. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आइस्क्रीम ह्याच्याकडंच मिळतं.

आता कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं, की या गावात फुटबॉल तालमी खेळतात. आत कुस्तीचा हौदा, मारुतीची तसबीर, आणि बाहेरच्या भिंतीवर फुटबॉलचे बूट वाळत घातलेले. मॅच हरली तर त्या पेठेत दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. जिंकली तर गुलालानं माणसं ओळखू येत नाहीत.

अशा गावातला धैर्यशील सतरा वर्षं हाफ खेळला होता. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, हे हाफचं काम. ते तो असं करायचा की लोक गोल बघायला नव्हे, त्याचा पास बघायला तिकीट काढायचे.

त्याला पेठेत कुणी धैर्यशील म्हणत नसे. सगळे ‘फ्रेंच’ म्हणत. शाळेत असताना वर्ल्ड कपच्या साली त्यानं फ्रान्सच्या एका टकल्या हाफचा खेळ टीव्हीवर बघितला आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडं जाऊन डोक्याचा तुळतुळीत गोटा करून आला. वडिलांनी बडवला, आईनं रडून घेतलं, पण नाव पडलं ते पडलं. पुढं मुंबईच्या एका ऑफिसच्या टीममध्ये पाच वर्षं, गोव्याच्या क्लबात दोन हंगाम, मग गुडघा, मग परत पेठ. फ्रान्स राहू दे, त्यानं दिल्लीसुद्धा एकदाच बघितली होती, आणि तीही स्टेशनपुरती. तरी छत्तिसाव्या वर्षी त्यानं बूट काढून ठेवले, तेव्हा पेठेतल्या बायकासुद्धा म्हणाल्या, फ्रेंच रिटायर झाला.

त्यानंतर कमिटीनं सर्जेरावला मुख्य प्रशिक्षक केलं.

सर्जेराव! डाव्या बाजूचा बॅक. खेळायचा तेव्हा त्याला ‘रोलर’ म्हणायचे, कारण वळायला त्याला अख्खं मैदान लागायचं. बोलताना त्याच्या पुढच्या दातांतून शिट्टी वाजे. ‘सरळ’ म्हणाला की सूंऽऽ आणि ‘सोड’ म्हणाला की सूंऽऽ. त्याची नक्कल धैर्यशील इतकी हुबेहूब करायचा की टीम लोळून हसायची. त्या रोलरच्या हाताखाली आता आपण बॉलात हवा भरायची, लाल कोन मांडायचे आणि उचलायचे.

सगळ्यात नावडतं काम वेगळंच होतं. मॅचच्या दुसऱ्या दिवशी, खेळलेले खेळाडू घरी पाय शेकत बसतात. ज्यांना बाकावरच बसून राहावं लागलं, ते सहाजण तोंड पाडून सकाळी मैदानात येतात. त्यांचा सराव असिस्टंटनं घ्यायचा. सतरा वर्षांत धैर्यशील अशा सरावाला एकदाही गेला नव्हता, कारण तो कायम खेळलेल्यांत. आता घ्यायची वेळ आली तेव्हा तो स्वतःच खेळून दाखवायचा. सहाजण कडेला उभं राहून टाळ्या वाजवायचे. त्यांची नावंही त्याला ठाऊक नव्हती. अंगावरच्या जाळीच्या बनियनच्या रंगावरून तो हाका मारायचा, “ए पिवळं, हिकडं ये. ए हिरवं, तू तिकडं थांब.”

आणि अशात विहिरीच्या तालमीचा निरोप आला.

विहिरीची तालीम म्हणजे चिंचेच्या तालमीची सात पिढ्यांची खुन्नस. त्यांनी सांगून पाठवलं की आमच्याकडं या, मुख्य प्रशिक्षक व्हा. फ्लेक्सवर एकट्याचा फोटो, तीस फुटी.

तीस फूट ऐकल्यावर धैर्यशीलला दोन रात्री झोप आली नाही.

पेठ सोडून समोरच्या पेठेत जायचं म्हणजे सोपं नव्हतं. उद्यापासून चौकातला चहावाला आपल्याकडं बघून कप पालथा घालणार, हे त्याला माहीत होतं. पण एक वाट होती. चिंचेच्या तालमीत रीत अशी, की सोडून जाणाऱ्याच्या कपाळाला वस्तादांनी आपल्या हातानं हौद्यातल्या मातीचा टिळा लावला, की मग त्याच्याविरुद्ध कुणी ब्र काढायचा नाही. टिळ्याविना गेला, तर मात्र तो माणूस पेठेला मेला. विहिरीच्या तालमीचे अध्यक्ष आबासाहेब इंगवले रीतीप्रमाणं रविवारी सकाळी दहाला वस्तादांकडं येऊन त्याला मागून नेणार होते. आज शुक्रवार होता.

म्हणून तो आला होता. टिळा घ्यायला.

“वस्ताद, फ्लेक्सचं सोडा. मला टिळा लावा. मी विहिरीकडं चाललोय.”

त्याला वाटलं, आता म्हातारा उसळणार.

“लावतो की,” वस्ताद म्हणाले. “कोण न्हाई म्हणालंय?”

धैर्यशीलनं कपाळ पुढं केलं. एवढ्या सहज?

हिंदुराव वस्तादांचं वय ऐंशीच्या पुढं. उभ्या आयुष्यात त्यांनी बॉलला पाय लावला नव्हता. ते कुस्तीतले. ऑफसाईड म्हणजे काय हे त्यांना तीन पिढ्यांनी समजावून सांगितलं होतं आणि तिन्ही पिढ्या थकल्या होत्या. तरी दर मॅचला ते पहिल्या पायरीवर बसायचे, आणि त्यांचा शब्द तालमीत शेवटचा.

त्यांनी बोटं मातीत बुडवली. हात वर आणला… आणि मधेच थांबवला.

“धैर्या, तो तुझा गोल रं. फायनलचा. विहिरीवाल्यांवर मारल्याला.”

धैर्यशीलची छाती आपोआप फुगली. बारा वर्षांपूर्वीची फायनल. शेवटचं मिनिट. त्यानं मैदानाच्या मध्यात बॉल घेतला, तिघांना चकवलं आणि असा पास सोडला की जयदीप मंडलिकनं नुसता पाय लावला. तो गोल गावाला अजून पाठ होता.

“मारला जयदीपनं, वस्ताद. पास माझा.”

“तुझा. व्हय.” वस्ताद विचारात पडल्यासारखे झाले. “आन् तुला बॉल कुणी दिला?”

“मला?”

“तुला.”

धैर्यशीलनं तो गोल मनातल्या मनात पुन्हा खेळून बघितला.

तिघांना चकवल्याचं आठवत होतं. पहिल्याला डावीकडून, दुसऱ्याच्या पायातून. पावलं किती टाकली तेसुद्धा आठवत होतं. पण बॉल पायाशी आला कुठून…

“आठवंना झालंय, वस्ताद.”

“मग आठवून ये.” वस्तादांनी बोटांवरची माती पुन्हा हौद्यात झटकली. “टिळा कुठं पळून चाललाय?”

शनिवारी सकाळी तो आधी जयदीपच्या रंगाच्या दुकानात गेला. गोल ज्यानं मारला त्याला आठवणारच.

“मर्दा, तो गोल!” जयदीप रंगाचा डबा तसाच टाकून काउंटरबाहेर आला. “असा डावा पाय आला… असा! किपर अजून तिथंच उभा हाय बघ!” गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं.

“जयद्या, मला मधी बॉल कुणी दिला हुता रं?”

“तुला? तू कुठं हुतास त्यात?”

“मी कुठं हुतो? पास माझा हुता की!”

“तुझा?” जयदीपनं मनापासून आठवून बघितलं. “मला वाटतंय परशाचा हुता… तुझा असंल तर असंल बाबा. मी गोलकडं बघालतो.”

धैर्यशील दुकानाबाहेर आला तो कानशील लाल होऊन. बारा वर्षं! बारा वर्षं हा माणूस आपल्या घरी जेवतोय, दिवाळीला फराळाला येतोय, आणि ह्याला पास कुणाचा ते ठाऊक नाही! त्याला इतका राग आला की चौक ओलांडेपर्यंत तो स्वतःशीच हातवारे करत होता. राग कशाचा, हे कळायला त्याला पुढचा चौक लागला. मग तो जरा वरमला.

चौकातल्या कट्ट्यावर चौघांना विचारलं. चौघांनी पाच नावं सांगितली. त्यावरून त्यांच्यातच जुंपली, आणि धैर्यशील निघून गेला तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी तो इम्तियाज मुल्लाकडं गेला. इम्तियाज तेव्हाचा गोलकिपर. आता गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा. गोलकिपरला मागून सगळं मैदान दिसतं, बघायला वेळही असतो.

“इम्त्या, फायनलच्या गोलाला मला बॉल कुणी दिला?”

इम्तियाजनं मशीन थांबवलं नाही. “सर्जानं.”

“सर्जानं? रोलरनं?”

“मग? डाव्या लायनीजवळ बॉल खाली चालल्याला. त्यांच्या दोघांचं पाय वर आल्यालं, बुटाचं खिळं दिसालतं. कुणी डोकं घातलं असतं काय तिथं? ह्या खुळ्यानं घातलं. झेप टाकून, डोक्यानं दिला तुला. एक बूट हितं बसला…” इम्तियाजनं सुई धरलेला हात आपल्या वरच्या ओठाला लावला.

मशीन खडखडत राहिलं.

“दात?” धैर्यशीलनं विचारलं.

“दोन. एक तिथंच मिळाला, मी खिशात घातला. दुसरा गावलाच न्हाई.” इम्तियाजनं दोरा तोडला. “तुला खांद्यावर घेऊन सगळी पेठ नाचालती. गुलालात कुणाला दिसतंय? मी आन् बाकावरच्या मेस्त्रीनं सर्जाला रिक्षात घातलं. तर त्यो रिक्षातनं काय विचारालाय ठाऊक हाय? ‘गोल झाला काय?’ म्हंतोय. तोंडातनं नुसती शिट्टी!”

इम्तियाज मोठ्यानं हसला. धैर्यशीलही हसायला गेला, पण ते जमलं नाही. सर्जेरावची नक्कल करताना ओठ कसा मुडपायचा, जीभ कुठं टेकवायची, हे त्यानं किती मेहनतीनं बसवलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी सरावाची मॅच झाली, चिंचेवाले जिंकले. धैर्यशील बाकावर बसून होता. त्यानं दिवसभरात एकही नक्कल केली नाही. दोघा-तिघांनी तर त्याला ताप आहे का, असं विचारलं.

रविवारी सकाळी तो मैदानावर पोचला, तर सर्जेराव वाकून लाल कोन मांडत होता. मुख्य प्रशिक्षक. न खेळलेल्यांच्या सरावाला.

“तुमी कशाला आला, सर्जाभाऊ?”

“तू येतोस का न्हाई, ठाऊक नव्हतं.” सर्जेराव सरळ उभा राहिला. कंबर धरून, सावकाश. “सगळी पेठ म्हणालीया तू चाललास. पोरं येऊन उभी ऱ्हातील, म्हणून आलो.”

शिट्टी वाजलीच. सूंऽऽ.

“रागावलाय काय?”

“कशाला? चांगलं हाईत की त्यांचं हाफ. तुझ्या हातात गेलं तर आमाला जड जातील, एवढंच.” आणि तो खरंच काळजीत पडल्यासारखा दिसला.

धैर्यशील एकदम म्हणाला,

“सर्जाभाऊ, तुमचं दात…”

सर्जेरावचा हात झटकन पुढच्या खोट्या दातांकडं गेला. “का? निसटलं काय?”

“न्हाई, न्हाई. बसल्यात. फायनलला… मला बॉल तुमी दिला हुता.”

“व्हय.”

“कधी बोलला न्हाईसा!”

“काय बोलायचं त्यात? पोचला हुता की तुझ्याकडं.”

वारा आला आणि एक कोन लवंडला. सर्जेरावनं तो पायानं उभा केला. माफी मागावी तर कुठल्या नकलेपासून सुरुवात करायची, हेच धैर्यशीलला कळेना. म्हणून त्यानं वस्तादांचाच प्रश्न विचारला.

“आन् तुमाला कुणी दिला?”

“मेस्त्रीनं.” क्षणाचाही वेळ लागला नाही. “मधुकर मेस्त्री. सबंध हंगाम बाकावर. त्या दिवशी शेवटची धा मिनिटं उतरवला. आयुष्यात तेवढीच धा मिनिटं खेळला गडी. थंडीनं पाय आखडल्यालं, तरी असला बॉल दिला… जरा लांब गेला, म्हणून तर मला झेप टाकाय लागली.”

“म्हंजे दात मेस्त्रीनं पाडलं!”

“तसंच म्हण की!” सर्जेराव हसू लागला. “मेस्त्रीला इम्त्यानं हातानं फेकला. आन् इम्त्याला…” तो आठवू लागला. “इम्त्यानं धरला त्यांच्या कॉर्नरवरनं. कॉर्नर इंगवल्यांच्या थोरल्यानं मारला हुता.”

“विहिरीवाल्यांनी?”

“मग?”

“म्हंजे सर्जाभाऊ, आपल्याला बॉल त्यांनीच दिला?”

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग असे हसले, असे हसले, की सर्जेरावला तोंडावर हात धरावा लागला. पलीकडं उभे असलेले सहाजण कावरेबावरे झाले. कालच्या मॅचला न खेळवल्याबद्दल आपल्याला कुणी हसतंय की काय, असं त्यांना वाटलं असावं.

“जा तुमी घरी,” धैर्यशील डोळे पुसत म्हणाला. “ह्यांचं मी बघतो.”

सर्जेराव जाईपर्यंत तो थांबला. मग सहाजणांपुढं गेला.

“ए पिव…” जीभ तिथंच अडखळली. “नाव काय तुझं?”

पिवळ्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

“माझं? नीलकंठ, सर.”

“तुझं?”

“अल्ताफ.”

सहाही नावं त्यानं विचारली. दोन विसरला, पुन्हा विचारली. मग बॉल टाकला आणि स्वतः रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. सहाजण वाट बघत राहिले, की आता हे येतील, खेळून दाखवतील, आपण टाळ्या वाजवू.

“खेळा की! माझ्याकडं काय बघालायसा?”

बॉल दोनदा घरंगळत त्याच्या पायाशी आला. दोन्ही वेळा पाय शिवशिवला, पार मांडीपर्यंत. दोन्ही वेळा त्यानं पाय मागं घेतला आणि बॉल हातानं उचलून आत फेकला. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात एवढी मेहनत त्यानं कुठल्या मॅचमध्ये केली नव्हती.

अर्ध्या तासानं नीलकंठनं मान वर केली, डावीकडं बघितलं आणि उजवीकडं पास सोडला. तिघांच्या मधून, गवत चाटत, अगदी अल्ताफच्या पावलात. तो पास बघून धैर्यशीलच्या तोंडून अशी आरोळी बाहेर पडली की रस्त्यावरचा दूधवाला सायकलवरून उतरला. एवढा आनंद! आपल्या पासानं कधी आपल्याला असं झालं होतं का? त्यानं आठवून बघितलं. नव्हतं झालं.

घड्याळात बघितलं तर पावणेदहा.

तो धावतच तालमीत शिरला. वस्ताद तिथंच, तसेच बसले होते. डबा खड्यांनी निम्मा भरला होता.

“आठवलं?”

“सर्जानं दिला, वस्ताद. सर्जाला मेस्त्रीनं, मेस्त्रीला इम्त्यानं. आन् इम्त्याला विहिरीवाल्यांनीच!”

“अस्सं.” वस्तादांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावली. “त्यात ऑफसाईड नव्हता न्हवं?”

“नव्हता, वस्ताद.”

“मग बरं.”

त्यांनी बोटं मातीत बुडवली आणि हात वर केला. तांबडी, तेल-ताक घालून मळलेली माती. लहानपणापासून नाकात बसलेला वास.

“ये हिकडं. धा वाजाय आलं.”

धैर्यशील पुढं झाला नाही.

“टिळा नको, वस्ताद. मी हितंच ऱ्हातो. सर्जाभाऊच्या हाताखाली.”

वस्तादांचा हात तसाच वर. धैर्यशीलला वाटलं, शाबासकी मिळेल. निदान पाठीवर थाप तरी. ती न मिळाल्यावर त्यानं खरं होतं ते सांगून टाकलं.

“पण फ्लेक्स बघितला की अजून पोटात दुखतंय, वस्ताद. आत्ता येतानाबी दुखलं.”

“दुखू दे,” वस्ताद म्हणाले आणि थोडं सरकून त्यांनी कडेला जागा केली.

धैर्यशील चपला काढून तिथं बसला. मातीत हात घातला. थंडगार लागली. एक खडा सापडला, त्यानं तो डब्यात टाकला. मग दुसरा. म्हाताऱ्याची बोटं त्याच्यापेक्षा भरभर चालत होती.

बाहेर मोटारीची दारं आपटली. चार-पाच माणसांची पावलं वाजली. दारात पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आबासाहेब इंगवले उभे राहिले. हातात नारळ, मागं कार्यकर्ते, त्यातल्या एकाच्या काखेत गुंडाळलेला नवाकोरा फ्लेक्स. उन्हातून आल्यामुळं त्यांना आतल्या अंधारातलं काही दिसेना. डोळ्यांवर हात धरून त्यांनी हाक मारली.

“वस्ताद हाईत काय आत?”

धैर्यशीलचा हात मातीतच थांबला. त्यानं वस्तादांकडं बघितलं. आता हे काय सांगतात आणि आपल्याला काय सांगायला लावतात?

वस्तादांनी हातातला खडा निरखला, डब्यात टाकला, आणि मान वरही न करता खणखणीत आवाजात ओरडून सांगितलं,

“वस्ताद न्हाईत! दोन असिस्टंट बसल्यात… काय काम हुतं?”